उन्हाळ कांद्याचा रंग

नानांच्या भट्टीवर दर रविवारी काम आटोपलं की झाडू मारला जायचा. तापलेल्या लोखंडावर घाव बसला की काळे पापुद्रे उडतात, ते ऐरणीभोवती पडलेले असायचे. त्यांच्या बायको, माई, ते सुपात भरून पेरूच्या झाडाखाली टाकायच्या. पुढच्या रविवारी पुन्हा तेवढेच. नानांच्या गोष्टींचं माझ्याकडे तसंच झालंय. सांगून टाकल्या की वाटतं संपल्या, आणि चहाला दोन माणसं बसली की परत पायाशी सापडतात. बायको म्हणते, "त्या सुरीचं एकदाचं सांगून मोकळे व्हा." कित्येक वर्षं मोकळा होतोय.

सत्तरचं दशक संपत आलं होतं तेव्हाची गोष्ट. मी नाशिकला, सातपूरच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होतो. गंगापूर रोड तेव्हा असा नव्हता. थोडं पुढे गेलं की द्राक्षांचे मांडव आणि पेरूच्या बागा सुरू व्हायच्या, आणि दुपारी इतकं सामसूम असायचं की सायकलची चेन आपली आपल्यालाच ऐकू यायची. अशाच एका बागेच्या कोपऱ्यात नानांची पत्र्याची शेड होती. नाना मूळचे चांदवडकडचे. विळे, कोयते, खुरपी करायचे. माई भाता मारायच्या. मी एकदा आईच्या विळीला धार लावायला म्हणून गेलो आणि पुढची आठ-नऊ वर्षं दर रविवारी तिथेच बसलो. काय करत होतो म्हणाल, तर काही नाही. पत्र्याला भोकं होती, त्यातून उन्हाच्या काड्या आत यायच्या, धुरात हळूहळू सरकायच्या. त्या बघत बसायचो.

माझ्याबरोबर प्रभाकर असायचा. विम्याच्या ऑफिसात कारकून. त्याला जंगलाचं भारी वेड. 'जंगलात एकटे सापडल्यास' अशी एक वहीच केली होती त्यानं, दोनशे पानी. स्वतः मात्र पांडवलेण्याच्या पायऱ्यांपलीकडे कधी गेला नाही. विचारलं तर म्हणायचा, "तयारी पूर्ण नाही अजून."

*

एका रविवारी गायकवाड आले. पाटबंधारे खात्यात होते. काम पाऊस मोजायचं. पेठच्या बाजूला डोंगरात ठिकठिकाणी पर्जन्यमापकं बसवलेली होती, ती तपासत, वहीत आकडे भरत एकट्यानं हिंडायचं. पावसाळ्यात तीन-तीन दिवस माणूस दिसायचा नाही. राहायला नाशिकरोडच्या कॉलनीत, घरात बायको आणि दोन लहान मुली. आल्या आल्या ते "जयभीम" म्हणाले, नाना "रामराम" म्हणाले. पुढे प्रत्येक भेटीत हेच चाललं, आणि दोघांनाही त्यात काही कमी वाटलं नाही.

गायकवाडांनी पिशवीतून एक मूठ काढून ऐरणीवर ठेवली. मुठीला जेमतेम दोन बोटं पातं.

"बाकीचं कुठंय?" नानांनी विचारलं.

"नाल्यात."

नाल्याला पाणी वाढलं होतं. वर चढायला म्हणून त्यांनी बाजारातली सुरी खडकाच्या फटीत रोवली आणि तिच्यावर भार दिला. सुरी कटकन मोडली, हे खाली घसरले. मधल्या एका खडकावर दोन दिवस बसून होते, दोन्ही बाजूंनी पाणी. "पर्जन्यमापक वर, मी खाली. त्या दोन दिवसांचा आकडा वहीत नाही. साहेबांनी मेमो दिला, की पाऊस चालू असताना आपण कुठे होता."

आम्ही हसलो. गायकवाड हसले नाहीत.

"मला एक सुरी करून द्या," ते म्हणाले. "बांबू तोडता आला पाहिजे. ओलं लाकूड फोडून आतलं कोरडं काढता आलं पाहिजे. गारगोटीवर घासली की ठिणगी पडली पाहिजे. आणि तुटली नाही पाहिजे." मग थोडं थांबून म्हणाले, "बाकीचं नाही जमलं तरी चालेल नाना. तुटली नाही पाहिजे. घरी दोन मुली आहेत."

नानांनी ती मोडकी मूठ हातात घेतली, मोडलेल्या जागेवरून अंगठा फिरवला. "माझी वस्तू तुटून माघारी आलेली नाय अजून. ही आली तर त्या दिशी भट्टी इझवीन."

माईंचा भाता थांबला. त्यांचा मुलगा अशोक माझ्याच कारखान्यात होता. म्हाताऱ्यानं भट्टी बंद करावी म्हणून तो कधीचा मागे लागला होता. त्यामुळे हे वाक्य नुसतं बोलण्यापुरतं नाही, हे आम्हाला सगळ्यांना कळत होतं.

*

डिझाईन मी करणार हे मी स्वतःच ठरवलं. दोन शनिवार घालवून ट्रेसिंग पेपरवर एकास एक मापात नकाशा काढला. समोरून, बाजूनं, वरून. प्रभाकरनं आपली वही उघडून यादी दिली होती. मूठ पोकळ, तिला आट्यांचं झाकण. आत काड्या, गळ, दोरा, सुई, मीठ, शिट्टी. झाकणात होकायंत्र. कुठल्यातरी इंग्रजी मासिकात त्यानं असं चित्र बघितलं होतं.

नानांनी नकाशा लांब धरला, जवळ धरला. मग माईंकडे दिला. "चष्मा नाय माझ्याकडं. तू बघ काय हाय."

माईंनी बघितलं. "मुठीमधी किराणा दुकान हाय."

"आन् पातं?"

"पातं बाहेर हाय."

नाना माझ्याकडे वळले. मला ते 'नकाशेवाले' म्हणायचे. "नकाशेवाले, येवढं सगळं मुठीत गेल्यावर पातं कशाला धरून राह्यल? मिठाला?"

मग त्यांनी गायकवाडांचा हात फळीवर ठेवायला लावला आणि कोळशानं त्याच्याभोवती रेघ ओढली. पातं मुठीच्या आतून शेवटपर्यंत जाणार, दोन्ही बाजूंनी लाकूड, तीन रिव्हेट. झालं डिझाईन. माझा नकाशा पुढे माईंच्या लोणच्याच्या बरणीवर दिसला. तिन्ही बाजू चांगल्या दिसत होत्या.

*

पण पातं लांब किती, हे काही ठरेना. प्रभाकर म्हणाला दहा इंच. मी म्हणालो सात. नानांनी बाभळीची एक फळी घेतली, दहा इंची लाकडी सुरी तासली आणि गायकवाडांना दिली. "पंधरा दिवस कंबरेला लावून हिंडा. जिथं टोचंल तिथं कापा."

गायकवाड ती लावून पेठच्या एस.टी.त बसले. कंडक्टरनं विचारलं, "काय आहे हे?" हे म्हणाले, "सुरी." कंडक्टरनं हात लावून बघितलं, तर लाकूड. मग एकदा सुरीकडे, एकदा ह्यांच्या वयाकडे बघितलं आणि शेजारची सीट स्वतःहून रिकामी करून दिली.

पंधरा दिवसांनी सुरी परत आली ती सहा इंचांची. चढताना मांडीला लागली तेव्हा दोन इंच गेले. बसताना जमिनीला टेकली तेव्हा एक. शेवटचा इंच एका डोंगरातल्या म्हातारीनं घालवला. बांबू सोलत बसली होती, तिनं ही लाकडी सुरी हातात घेऊन बराच वेळ तोलली, आणि न बोलता आपल्या कोयत्यानं टोक छाटून परत दिली.

नाना ते लाकूड दोन्ही हातांत धरून कितीतरी वेळ बसले. "हिच्यात नकाशेवाल्याचं काय नाय," ते खुशीत म्हणाले. मला राग यायला हवा होता, आला नाही. त्या लाकडी तुकड्याला गायकवाडांच्या हाताची चकाकी आली होती, आणि आमच्या कारखान्यात एवढं बरोबर माप मी कधी पाहिलं नव्हतं.

*

लोखंड आणायला मी आणि प्रभाकर पिंपळगाव बसवंतला गेलो. हायवेवर एका गॅरेजमागे ट्रकच्या चाकांवर भार झेलणाऱ्या कमानीचे मोडके पाटे पडलेले असत. चांगल्या सुरीला असा पाटा लागतो. एक पाटा उचलला, गोणपाटात गुंडाळला आणि एस.टी.त मांडीवर घेऊन बसलो. प्रभाकर वाटभर त्याला थोपटत होता. कंडक्टर म्हणाला, "पाच वर्षांच्या वर असेल तर अर्धं तिकीट लागेल."

नानांनी पाटा दोरीला टांगला आणि हातोडीनं टिचकी मारल्यासारखं वाजवलं. आवाज निघाला तो कितीतरी वेळ राहिला. शेडमधून बाहेर गेला, पेरूच्या बागेतून कुठेतरी लांब गेला, आणि नाना डोळे मिटून तो संपायची वाट बघत राहिले. संपल्यावर म्हणाले, "चांगला हाय. ह्यानं लई कांदे वाह्यलेत."

"आवाजावरून कांदे कसे कळले?" प्रभाकर अगदी भारावला होता. वही काढलीच त्यानं.

"गोणपाटाला वास येतोय," नाना म्हणाले.

*

पात्याला आकार यायला तीन रविवार गेले. मग नाना म्हणाले, "आता फुडल्या रविवारी पानी द्यायचं."

पाणी देणं म्हणजे पातं लालबुंद तापवून एकदम बुडवायचं, की ते कडक होतं. प्रभाकरला हे ठाऊक होतं. वहीत होतं. पुढच्या रविवारी तो पहाटे उठून रामकुंडावर गेला, तांब्याची कळशी भरून गंगेचं पाणी घेतलं, आणि सायकलवर एका हातानं कळशी सांभाळत गंगापूर रोडनं आला. अर्धं पाणी पँटवर सांडलं होतं. नाशिकमध्ये गोदावरीला कुणी गोदावरी म्हणत नाही, गंगाच म्हणतात. गंगेचं पाणी पाजलेली सुरी, ही कल्पना त्याला आठवडाभर झोपू देत नव्हती.

नानांच्या भट्टीजवळ करडईच्या तेलाचा डबा ठेवलेला होता.

"हे काय?" प्रभाकर.

"पानी," नाना म्हणाले.

"हे तेल आहे नाना."

"तेलच हाय. ह्या लोखंडाला पानी तेलाचं देत्यात."

प्रभाकरचा चेहरा इतका पडला की नानांना राहवलं नाही. पाट्याचा एक उरलेला तुकडा त्यांनी तापवला आणि प्रभाकरच्या कळशीत बुडवला. चर्र झालं, आणि आतून बारीक आवाज आला, टिंग. काढून बघितलं तर केसाएवढी चीर, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत.

"बघा. गंगेनं घेतला," नाना म्हणाले. कळशीत उरलं त्याचा माईंनी चहा केला. प्रभाकर दोन कप प्याला. त्या दिवशी ढग आले म्हणून पातं मात्र राहिलं. नानांना पाणी द्यायला स्वच्छ दिवस लागायचा, का ते त्यांनी कधी सांगितलं नाही.

*

आता मधलं एक सांगायला हवं. ते फार हसण्यासारखं नाही.

प्रभाकर एकदा हळदीच्या रंगाचा नवा शर्ट घालून आला. नाना म्हणाले, "काय परभाकर, आज पांढऱ्या धोतरवाल्यावानी पांढराफेक?" सगळे हसले. मी पण हसलो. मग घरी जाताना सायकलवर माझ्या डोक्यात ते फिरायला लागलं. नकाशा माईंना दाखवणं, प्रत्येक वस्तूवरून अंगठा फिरवणं. आणि भाता. नाना पातं भट्टीत घालायचे, माई भाता मारत राहायच्या, आणि माईंचा भाता थांबला की नाना पातं बाहेर काढायचे. दर वेळी. इतके दिवस मला वाटत होतं, माई दमतात म्हणून थांबतात.

पुढच्या रविवारी विहिरीवर माई भेटल्या. मी काही विचारलं नाही, पण त्यांना कळलं.

"दोन वर्सं झाली भाऊ. उजेड दिसतो, रंग दिसत नाय," त्या म्हणाल्या. "मोतीबिंदू हाय. दवाखान्याचं नाव काढलं की जेवत नायत. मला पन बोलून दाखवलं नाय त्यांनी. रंग आला की मी थांबते, ते काढत्यात. आशोकला कळलं तर उद्या भट्टी बंद. मंग ते काय करतील दिवसभर?"

म्हणजे नवरा-बायकोत यावर एक शब्द बोलणं झालं नव्हतं. दोन वर्षं सगळं भात्यावर चाललं होतं.

*

मे संपत आला. गायकवाडांना त्या बुधवारी डोंगरात निघायचं होतं, पावसाआधी सगळी मापकं तपासायला. रविवारी सकाळी दाराला पोतं टाकून नानांनी शेडमध्ये अंधार केला. पातं तापलं, माईंचा भाता थांबला, पातं तेलात गेलं. काही तडकलं नाही. नानांनी कानाजवळ धरून ऐकलं आणि मान हलवली.

पण काम अर्धंच झालं होतं. नुसतं पाणी दिलेलं पातं काचेसारखं असतं, पडलं तरी फुटेल. ते घासून लख्ख करून पुन्हा थोडं तापवावं लागतं. मग त्याच्यावर रंग चढत जातात, आणि योग्य रंगाला थांबवायचं. नाना सांगायचे, "आधी थांबलं तर कडक ऱ्हातं, तुटतं. उशिरा थांबलं तर मऊ होतं, वाकतं." आणि हे त्याच दिवशी करावं लागतं. तसंच ठेवलं तर पातं आपोआप तडकू शकतं.

आम्ही पातं घासत होतो आणि चांदवडहून जावई मोटारसायकलवर आला. माईंच्या लेकीला कळा सुरू झाल्या होत्या. पहिलंच बाळंतपण. माईंना निघावं लागलं.

निघताना त्या माझ्यापाशी थांबल्या. "भाऊ, भात्यावर तुमी बसा," एवढंच म्हणाल्या. नानांकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

प्रभाकर उजेडासाठी पोतं बाजूला धरून दाराशी उभा राहिला. मी भात्यावर बसलो. नाना सांडशीत पातं धरून निखाऱ्यांवर वाकले, आणि थोड्या वेळानं म्हणाले, "डोळ्यात धूर गेलाय माझ्या. नकाशेवाले, जरा रंगाकडं ध्यान ठेवा. कांद्याच्या सालीवर आलं की सांगा."

"हो नाना," मी म्हणालो. धूर अजिबात नव्हता.

मी हळूहळू भाता मारत राहिलो. पात्याच्या पाठीकडून रंग निघाला. आधी फिका, वाळल्या गवताचा. मग तो पुढे सरकला आणि त्याच्या मागून मधासारखा आला. मग तपकिरी. सगळे रंग एका मागून एक धारेकडे चालले होते, घाई नाही, आवाज नाही. बाहेर बागेत कुणीतरी रहाट ओढत होतं. मला वाटलं, हे असंच चालू राहावं आणि मला कुणी काही विचारू नये. मग आठवलं, मला कांदा बघायचाय. कांदा म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर आला तो थंडीत बाजारात येणारा लाल कांदा, जांभळ्या झाकेचा. मी जांभळ्याची वाट बघितली. तो धारेपाशी पोचला आणि मी भाता थांबवला.

"आला," मी म्हणालो.

नानांनी पातं बादलीत बुडवलं. बराच वेळ हातात धरून होते. "लई येळ लागला," एवढंच म्हणाले.

मंगळवारी खैराची मूठ बसली. बुधवारी गायकवाड सुरी घेऊन गेले. जाताना त्यांनी ती दोन्ही मुलींना हातात धरून बघू दिली होती, असं मला नंतर कळलं.

*

लेकीला मुलगी झाली. बाराव्या दिवशी बारशाला मी आणि प्रभाकर चांदवडला गेलो. जेवणं झाल्यावर जावई आम्हाला कांदे साठवायची चाळ दाखवायला घेऊन गेला. आत ढीगच ढीग, आणि फटीतून ऊन येत होतं. सगळे कांदे मधाच्या रंगाचे, थोडी गुलाबी झाक. सालं सोन्यासारखी चमकत होती.

"हे कसले कांदे?" मी विचारलं.

"कसले म्हंजे? कांदे."

"पण लाल नाहीत."

जावई हसला. "लाल म्हनलं तर लाल. तो थंडीतला, टिकत नाय. आमच्यात नुसतं कांदा म्हनलं की उन्हाळ. हा."

मी एक साल उचललं आणि उन्हात धरलं. त्या दिवशी हाच रंग माझ्या समोरून गेला होता. मी त्याला जाऊ दिलं होतं.

प्रभाकरनं विचारलं, "काय झालं रे? पांढरा पडलास." मी त्याला सांगितलं. त्यानं वही काढली, आणि काही न लिहिता परत खिशात ठेवली.

माईंना मी पाळण्यापाशी गाठलं आणि सगळं सांगून टाकलं. सुरी मऊ झाली असेल, वाकेल, धार बसणार नाही, आणि ती घेऊन गायकवाड डोंगरात एकटे आहेत. माईंनी पाळणा हलवत ठेवला. "गप ऱ्हा भाऊ," त्या म्हणाल्या. "त्यांना कळलं तर ते आत्ता उठून पेठपत्तूर चालत जातील. आन् दिसत तर नाय."

खरं सांगतो, तो पावसाळा मला फार जड गेला. पेपरात रोज पेठचा पावसाचा आकडा यायचा. मी तो बघायचो आणि मनात म्हणायचो, कुणीतरी मोजतंय म्हणजे आहेत. एकदा दोन दिवस आकडाच आला नाही. मी कारखान्यात चार ड्रॉइंग चुकवली. नाशिकरोडला त्यांच्या घरापर्यंत गेलो आणि दारात त्यांच्या मुली ठिक्कर खेळताना दिसल्या, तसाच सायकल वळवून परत आलो.

*

पोळा झाल्यावरचा रविवार. अशोक आला होता. ऐरण किती जड आहे, टेम्पोत चढेल का, हे बघायला. गेल्या आठवड्यात नानांनी हातोडी स्वतःच्याच बोटावर मारून घेतली होती, आणि त्यानं आता ठरवूनच टाकलं होतं. नाना त्याच्याकडे पाठ करून विळा घासत होते. माई भात्यापाशी, पण भट्टीत विस्तव नव्हता. मी आणि प्रभाकर कोपऱ्यात.

पोतं बाजूला झालं. "जयभीम," गायकवाड म्हणाले. दाढी वाढलेली, पायाला पट्टी.

"रामराम," नाना म्हणाले.

गायकवाड बसले, पाणी प्याले. त्याच नाल्यावर त्याच जागी पाणी वाढलं होतं. ह्या खेपेला त्यांनी ही सुरी त्याच फटीत रोवली आणि भार दिला. पाय सुटले. सगळं अंग एका सुरीवर. "मला आत कळलं नाना, ती चालली. हातातल्या हातात फिरत होती. म्हटलं, झालं. डोळे मिटून घेतले. पण तुटण्याचा आवाज येईना. लोंबकळत राहिलो, मग पायाला फट मिळाली. वर चढलो. दोन दिवस वरच अडकलो, खाली रस्ता बंद. पण पर्जन्यमापकाजवळ होतो. आकडा उशिरा पाठवला, पण आहे वहीत."

त्यांनी कमरेचं म्यान सोडलं. सुरी त्यात पुरती बसत नव्हती. बाहेर काढून त्यांनी ती ऐरणीवर ठेवली. मधोमध वाकली होती, चांगली बोटभर.

अशोकनं ऐरणीवरचा हात काढून घेतला.

नानांनी सुरी उचलली. टोकापासून अंगठा फिरवत आणला. वाकलेल्या जागी थांबले. पुन्हा फिरवला. चीर कुठे लागते का ते बघत होते. लागली नाही. मग चेहरा माझ्या बाजूला वळवला.

"नकाशेवाले, कुठला कांदा बघितला हो तुमी?"

"लाल," मी म्हणालो.

नाना सुरी मांडीवर आडवी ठेवून तिच्यावरून हात फिरवत होते. मग अशोकच्या देखत, आमच्या सगळ्यांच्या देखत, भात्याच्या दिशेनं मान वळवून म्हणाले,

"अगं, फुडच्या येळी तू भाता लाल कांद्यावर थांबव."